गव्हाची कमान

किल्ला दिसला की सामान आवर, असं माझ्या धाकट्या बहिणीनं, कमळनं, बजावून ठेवलं होतं. त्यामुळे झाशी सोडल्यापासून मी खिडकीला नाक लावून बसले होते. आणि दिसला म्हणजे काय दिसला! मला वाटलं होतं, आपल्या पन्हाळ्यासारखा डोंगररांगेला धरून असेल. हा तर सपाट मुलखात मधूनच उठलेला, लांबच लांब. मी बघतच राहिले. शेजारच्या बाई "ग्वालियर आ गया, बहनजी!" म्हणून ओरडल्या तेव्हा कुठे भानावर आले. त्यांनीच माझी वळकटी फलाटावर टाकली, म्हणून उतरले.

खरं सांगायचं तर मी ग्वाल्हेर बघायला गेलेच नव्हते. कमळचं बिऱ्हाड उचलून मिरजेकडे आणायला गेले होते. तिचे यजमान यशवंतराव संस्थानच्या फौजेत होते. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली आणि ते घरी बसले. मग त्यांनी लहान-मध्यम शेतकऱ्यांसाठी वर्ग काढला. जमिनीचा कस न मारता पीक कसं काढायचं, कंपोस्ट कसं करायचं, ओघळीनं वाहून जाणारी माती बांध घालून कशी अडवायची, हे शिकवायचं. अनुदान मध्यभारत राज्य द्यायचं. आता राज्यांची पुनर्रचना झाली, कचेऱ्या भोपाळला गेल्या, आणि तिथला साहेब येऊन ठरवणार होता की वर्ग ठेवायचा की बंद करायचा. बंद झाला तर यशवंतराव दुसऱ्यांदा घरी बसणार. म्हणून मी आमच्या ह्यांना मागची खोली रिकामी करायला सांगूनच निघाले होते.

टांगा कमळच्या वस्तीत, शिंदे की छावणीत शिरला. कमळ दारातच उभी. "अक्का, तू किती दुबळी (बारीक) होऊन गेली गं! चल, जल्दी हातपाय धू. बेडई गरम आहे तोवर खाऊन घे." अगं बाई, हे कुठलं मराठी? पण बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि बटाट्याची झणझणीत भाजी समोर आली आणि माझं तोंड बंद झालं. वर जिलबी. सकाळच्या वेळी जिलबी खाणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली. दोन खाल्ल्या. मग तिसरीही.

जेवण झाल्यावर यशवंतराव मला शहराबाहेर, वर्गाच्या रानात घेऊन गेले. फाटकाजवळच गव्हाचे दोन वाफे होते, शेजारी शेजारी, सारख्या मापाचे. एका वाफ्यातला गहू कमरेला लागणारा, ओंब्या भरलेल्या. दुसऱ्यातला गुडघ्याच्या वर कसाबसा आलेला.

"बी एकच, पाणी एकच," यशवंतराव म्हणाले. "ह्यात ताग गाडला आणि कंपोस्ट घातलं. त्यात काही नाही. अक्का, मला भाषण जमत नाही. साहेबाला इथं आणून उभं करणार, बस."

मी शेतकऱ्याची पोर. मला दुसरा पुरावा नको होता. पण मनात आलं, बिऱ्हाड काही हलत नाही आता. बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. इतक्या वर्षांनी बहीण हाताशी येणार, असं घोकतच आले होते ना मी!

साहेबाच्या स्वागताचं काम त्यांनी माधवगंजातल्या दादासाहेबांना दिलं होतं. दादासाहेब म्हणजे जुन्या दरबारातले. पाहुणा आला की कुणी कुठं उभं राहायचं, कमान कुठं, अत्तर कधी, हे सगळं आयुष्यभर त्यांनी पाहिलेलं. दरबार गेला तेव्हापासून म्हातारा रोज पगडी घालून देवळाच्या ओट्यावर बसायचा. बोलवायला कुणी येत नसे.

साहेब यायचा त्या दिवशी सकाळी कमळ आणि मी रानात पोचलो, आणि माझ्या पायांखालची जमीनच सरकली. फाटकावर कमान उभी होती. गव्हाची! दोन जाड खांब, वर महिरप, तिला ओंब्यांच्या माळा. आणि मागे दोन्ही वाफे सपाट. नुसती खुंटं.

"हे कुणी केलं?" मी किंचाळलेच.

दादासाहेब पगडी सावरत पुढं आले. चेहरा कसा फुललेला. "मीच. पहाटेच गडी लावून कापून घेतला. कमानीशिवाय पाहुणा आत घ्यायचा कसा? पूर्वी केळीचे खुंट यायचे गाड्या भरून. आता कोण देतो? म्हटलं, घरचंच वापरू. गहू तर तयारच होता."

"अहो, तयार होता तो बघायला! कापायला नाही! काय करून बसलात हे? सगळ्या वर्गाचा जीव त्या दोन वाफ्यांत होता, आणि तुम्ही त्याची तोरणं केलीत? हद्द झाली बाई!" मी आणखीही बरंच बोलले असते, पण कमळनं माझा दंड धरला. ती पांढरीफटक पडली होती. म्हाताऱ्याला माझं बोलणं कळलं की नाही कोण जाणे. तो कमानीकडेच बघत होता. डावा खांब जरा रोडका होता, त्याचीच त्याला रुखरुख.

इतक्यात यशवंतराव आले. सोबत खेड्यांतून आलेले शेतकरी. त्यांनी कमान पाहिली, खुंटं पाहिली. मला वाटलं, आता हा माणूस म्हाताऱ्याच्या अंगावर जाणार. ते कमानीभोवती एक फेरी मारून आले. मग ते म्हणाले, "दादासाहेब, कमान छान झाली."

मी आ वासून बघत राहिले. गहू कापलेला बघून बसला नव्हता एवढा धक्का मला त्या तीन शब्दांनी बसला.

साहेबाची जीप आली. साहेब तरुण, घाईत. कमान बघताच त्याच्या कपाळाला आठी पडली. "ये राजा-महाराजाओंवाला स्वागत किसलिए? खेत दिखाइए." यशवंतरावांनी त्याला खुंटांपाशी नेलं. गहू इथं होता म्हणून सांगितलं.

"था? तो अब कहां है?"

"मैंने कटवा लिया," यशवंतराव म्हणाले.

मैंने म्हणे! म्हाताऱ्याचं नावसुद्धा नाही! माझ्या जिभेवर आलं होतं सगळं, पण यशवंतरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गिळून टाकलं. साहेबानं मान हलवली आणि तो जीपकडे वळला. संपलं. कमळनं पदर तोंडाला लावला. मी मनातल्या मनात मागची खोली झाडून घेतली.

आणि कमानीखाली दादासाहेब हात जोडून आडवे आले. "हुजूर, एक माफी मांगनी है. कमान टेढी (वाकडी) रह गई."

"ठीक है, ठीक है."

"नहीं हुजूर, दोष हमारा नहीं. हमने हिसाब बराबर रखा. दो क्यारी (वाफे), दो खंभे. इस खंभे की क्यारी से ऊपर की महराब भी बन गई, मालाएं भी. उस क्यारी में दम ही नहीं था. आधा खंभा भूसे से भरना पडा."

साहेबाचा एक पाय जीपमध्ये होता. तो तसाच थांबला. "दोनों क्यारियां एक नाप की थीं?"

"एक नाप, एक बीज, एक पानी," यशवंतरावांचा आवाज एकदम पलटणीतला निघाला.

साहेब उतरला. त्यानं दोन्ही खांबांच्या दोऱ्या सोडायला लावल्या. एका बाजूला हा ढीग, दुसऱ्या बाजूला मूठभर गहू आणि बाकी भुसा! त्यानं दोन्हींतली एकेक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि दाणे बघत बसला. मग विचारलं, "ये फर्क कैसे आया?" झालं! भाषण न जमणारे यशवंतराव त्याला कंपोस्टच्या खड्ड्यापाशी घेऊन गेले, ते ऊन उतरेपर्यंत बोलतच होते. शेतकऱ्यांनीही आपापल्या रानांचं सांगितलं. निघताना साहेब म्हणाला, "वर्ग चलता रहेगा. मैं लिख दूंगा."

दादासाहेब मात्र नाराज. पाहुणा निघायच्या आधीच कमान सोडली, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

परतताना स्टेशनवर मी यशवंतरावांना विचारलंच. "पुढच्या खेपेला स्वागत कुणाकडे?"

"दादासाहेबांकडेच."

"कमाल आहे तुमची! बुडता बुडता वाचलात, तरी?"

त्यांनी माझी वळकटी डब्यात चढवली. "अक्का, माझी पलटण मोडली तेव्हा मला हे रान मिळालं. त्यांचा दरबार मोडला, त्यांना काय मिळालं?" मग हसून म्हणाले, "गहू मात्र आत, विहिरीपाशी पेरणार."

मी एकटीच घरी आले, गजकचा (तीळ-गुळाच्या खुसखुशीत वड्यांचा) डबा घेऊन. पुढे अनुदानही आलं, असं कमळनं कळवलं. आवरून ठेवलेल्या मागच्या खोलीत आम्ही शेंगांची पोती रचली. त्या दिवशी मला जरा रडू आलं, खोटं कशाला बोलू.

परवा आमच्या गावच्या शाळेत समारंभ होता. फाटकावर म्हातारे गुरव आंब्याच्या डहाळ्यांची कमान बांधत होते. एका अंगाला पार झुकलेली. मी आधी शेजारच्या आमच्या मळ्यातल्या आंब्याच्या कलमांवर नजर टाकली. शाबूत होती. मग कमानीखाली जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "छान झालीय हो."

गुरव हातातली दोरी तशीच धरून माझ्याकडे आ वासून बघत राहिले. माझ्या तोंडून असलं काही त्यांनी आजवर ऐकलंच नव्हतं.