दादाच्या गाडीची वायर माझ्या बाळाच्या पाळण्याखाली

रात्रभर झोपले नाही मी. बाळाला मांडीवर घेऊन वायरीकडे बघत बसले.

दादाने मासळीच्या डिझेल व्हॅन विकून इलेक्ट्रिक घेतल्या. पण चार्जिंग आमच्या खोलीतून, साध्या बोर्डावर. वायर पाळण्याखालून खिडकीबाहेर जाते.

काल वायर तापली म्हणून मी प्लग काढला. त्याने परत लावला. म्हणतो, "वास येतोय का? नाही ना? मग झोप गं."

अरे, डिझेल गळलं की वास येतो. करंटचा वास येईल तोवर घर जळलेलं असेल.

सकाळी प्लग काढून बघते तर आतून बोर्ड वितळलेला. आता म्हणे नवीन बोर्ड आणतो. बोर्ड कसला आणतोस, वायरमन आण.

वर्सोव्यातल्या बायांनो, तो माझा फोन कापतो, गिऱ्हाइकाचा उचलतो. नंबर तुमच्याकडे आहेच. पापलेट हवंय म्हणून आत्ता फोन लावा आणि त्याला सांगा, गाडी आज घरातून चार्जिंगला लावायची नाही.