काळं हाय तसंच आणा

मुलांनो, मी वडवणीला शिक्षिका होते तेव्हा बाजाराच्या दिवशी चिंचेखाली एक म्हातारा कल्हईवाला बसे. घरोघरी स्टील आले होते, तरी माझी पितळेची पातेली त्याच्याकडेच जात. मी ती आदल्या दिवशी राखेने घासून नेई. काळी भांडी परक्यापुढे ठेवायची मला लाज वाटे.

तो पातेले उलटेसुलटे करी, आत फुंकर मारी आणि हसे. एकदा म्हणाला, "बाई, सगळं तुमीच घासता, मंग माझ्याकडं कशापायी येता? काळं हाय तसंच आणा. उजळवणं माझं काम हाय."

धाकट्या बहिणीशी भांडण झाल्यापासून मी चर्चमध्ये येशूच्या आठवणीत देतात ती प्रभुभोजनाची भाकर घेणे थांबवले होते. आधी मन स्वच्छ व्हावे, मग जावे, असे ठरवले होते. आणि रविवारच्या शाळेत पवित्र शास्त्रातली कृपा मीच शिकवत होते. ती कमवता येत नाही, असे फळ्यावर लिहून.

त्या बाजारानंतरच्या रविवारी राग मनात असतानाच मी भाकरीसाठी हात पुढे केला. बहिणीला पत्र त्यानंतर लिहिले, आधी नाही.

पुढच्या बाजारी पातेली काळीच नेली. "आता कसं!" म्हणत त्याने भाता ओढला.