नवसाआधी घेतलेली पैठणी

देवीवर माझा विश्वास होता, तिच्या कामाच्या वेगावर मात्र नव्हता. चाळिशी उलटल्यावर एका माणसावर जीव जडला, बोलणं लग्नापर्यंत गेलं आणि मग त्यानं एका फोनवर सगळं मोडलं. मी ना ऑफिस चुकवलं, ना घरातलं काम. फक्त रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून क्रांती चौकाकडून त्याची स्कूटर येते का ते बघायची.

दौलताबादच्या वाटेवरच्या देवीला मी नवस बोलले, तो परत आला तर तुला पैठणी नेसवीन. दिवाळीचा किराणा नवरात्रातच भरणारी बाई मी. लगेच पुढच्या रविवारी पैठणला जाऊन मोरपंखी पैठणी घेऊनही आले. धाकट्या बहिणीनं विचारलं, "ताई, देवीला घाई करतेस का?" मी साडी कपाटात ठेवून दिली.

एकाच घडीवर पैठणीची जर तुटते, म्हणून अधूनमधून मी ती साडी काढून घडी बदलायची. दर वेळी वाट बघणं नव्यानं सुरू व्हायचं. मग कळलं, त्याचं पुण्यात लग्न झालं.

नवस फळला नव्हता, म्हणजे मी देवीचं काही देणं लागत नव्हते. तरी एका शुक्रवारी साडी घेऊन निघाले. ती कपाटात राहिली असती, तर मीही तिथंच अडकून राहिले असते.

रांगेत माझ्यापुढं एक अनोळखी म्हातारी होती. पैठणी बघून म्हणाली, "नवस फेडायला व्हय, बाई?" फळलाच नाही, म्हटलं. "मग उगं कशाला आणली?" कसं कोण जाणे, पण बहिणीलाही न सांगितलेलं सगळं मी तिला सांगून टाकलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि माझ्या पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला. "आत गेल्यावर काय मागू नको. लई मागून झालं तुझं."

आत आरती खोळंबली होती. देवीला त्या दिवशीचं पातळ ज्यांनी आणायचं, ते कुटुंब आलंच नव्हतं. पुजाऱ्यांनी माझ्या हातातली पैठणी पाहिली, मागून घेतली आणि सरळ देवीला नेसवली. इतके दिवस मी नुसती तिची घडी बदलत होते. त्या दिवशी ती नेसलेली पाहिली. डोळे भरून आले, पण मागायचं काही सुचलं नाही. आदल्या शुक्रवारी देवीच्या अंगावर असलेलं साधं पिवळं सुती पातळ पुजाऱ्यांनी प्रसाद म्हणून माझ्या ओटीत घातलं.

बाहेर म्हातारी चपला शोधत होती. "तुझ्यामुळं आरती झाली बघ," ती म्हणाली, "नायतर माझी बस गेली असती."

याला कुणी योगायोग म्हटलं, तर मी वाद घालणार नाही. त्या माणसाची आठवण अजूनही येते, आणि येते तशी जाते. सोमवारी ते पिवळं पातळ नेसून मी ऑफिसला गेले. देवीनं काय द्यावं आणि कधी द्यावं, हे सगळं मीच ठरवून बसले होते. तिनं मात्र माझ्या हातातलं ओझं तेवढं घेतलं, आणि मला तेच हवं होतं. तिचे उपकार मानायला मी अजून शुक्रवारी जाते. पिशवीत एक नारळ असतो, बाकी काही ठरवलेलं नसतं.