रुळांकाठचा पूर्वज

मी शाळेत इतिहास शिकवते. मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी कशी धावली, विलायतेहून इंजिनिअर कसे आले, डोंगर कसे फोडले, हे पोरं घडाघडा म्हणतात. तापीच्या खोऱ्यातून नंदुरबारकडे रूळ आले तेव्हा मातीच्या पाट्या वाहणारा एक माणूस मात्र मला सासरी भेटला, तोही दगडाच्या रूपात. सासऱ्यांचे पणजोबा. भरावाचं काम चालू असतानाच ते तापानं गेले.

रूळ आमच्या शेताला लागूनच आहेत. कडेला शेंदूर फासलेला दगड, तेच पणजोबा. घरात नवी नवरी आली की आधी तिला तिथे न्यायचं, नारळ फोडायचा आणि एक गाडी जाईपर्यंत थांबायचं. मगच उंबरठा. माझ्या वेळी नेमकी गाडी लेट. शालू नेसून भर उन्हात मी मनातल्या मनात अख्ख्या रेल्वेचा उद्धार केला.

यंदा माझ्या मुलाचं लग्न झालं. सून प्रकाशा गावची. तिला घेऊन गेलो तर रुळांच्या कडेनं कुंपणाचे खांब रोवणं चाललेलं. आमचा दगड आत जाणार होता. कामावरचा तरुण इंजिनिअर सभ्य होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग वाकून शेंदूर जरासा खरवडला. खाली इंग्रजी अक्षरं निघाली.

"मावशी, हा तर रेल्वेच्या हद्दीचा दगड आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग त्याच्यावर आणि सासरच्या सात पिढ्यांवर. पण सासूबाईंकडे पाहिलं आणि राग कुठल्या कुठे गेला. प्रत्येक सणाला त्यांनी इथे नैवेद्य आणला होता. नव्या नातसुनेसमोर त्या खचतील, अशी भीती वाटली.

त्या शांतपणे म्हणाल्या, "दगड साहेबस्ना ऱ्हाऊ दे. पन गाडेल तं आम्हनाच माणूसनी व्हई ना?" दगड साहेबांचा असेना, रोवला तो आपल्याच माणसानं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी इंजिनिअरच्या हातात नारळ ठेवला. "तू बी रेल्वेना, तो बी रेल्वेना. फोड."

त्यानं बूट काढून नारळ फोडला. गाडी जाईपर्यंत तोही आमच्याबरोबर उभा राहिला.

आता कुंपण झालं. आत जाता येत नाही. सासूबाई म्हणतात, "कामवर शे तो." पणजोबा अजून कामावरच आहेत म्हणे. त्यांचं समाधान झालंय, माझं नाही. या घरात पुढची नवरी आली की तिला कुठे न्यायचं, हे त्यांना विचारायची माझी हिंमत होत नाही.