नऊ थांबे

बस आगारात तीस वर्षं वेळापत्रकं आखून निवृत्त झालेल्या या माणसाला अख्खी गल्ली 'टाइमटेबल'च म्हणायची. थांबे कापण्यात त्याचा हातखंडा. "थांबा म्हणजे वाया गेलेला वेळ," हे त्याचं वाक्य बायकोला तोंडपाठ होतं. त्यात सहा महिन्यांपूर्वी विजेवरची गाडी घेतली, मग काय, स्वारी हवेतच! एकदा चार्ज केली की तीनशे किलोमीटर, हे दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं.

गाडी पहिल्यांदा लांब न्यायची होती ती ताईला कायमचं घरी आणायला. आई गेल्यावर थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलेलं. भावजी वारल्यापासून ती साडेतीनशे किलोमीटरवर एकटी राहत होती. तिच्यासाठी खालची खोली रंगवून तयार होती. त्याने ऐटीत फोनवर बेत वाचून दाखवला, "मध्ये एकच थांबा, ताई. पाऊण तास चार्जिंग, की थेट घर!"

पलीकडून ताई म्हणाली, "राहू दे रे. मी आहे तिथेच बरी आहे."

"यायचंच नसेल तर सरळ सांग ना!" म्हणत त्याने फोन आपटला. दोन दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही. शेवटी बायकोनेच ताईंना फोन लावला आणि कपाळाला हात लावून बाहेर आली.

"अहो, त्यांना अर्ध्यापाऊण तासाला बाथरूमला जावं लागतं. लाजेपायी दोन वर्षं कुठल्या लग्नालासुद्धा गेल्या नाहीत. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय मला. आणि तुमचा म्हणे एकच थांबा!"

आपण कापलेल्या थांब्यांच्या बसमध्ये अशा किती ताया मुकाट बसल्या असतील, हे त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं. त्याला फार वाईट वाटलं.

मग वही निघाली. वाटेवरच्या प्रत्येक चार्जिंग स्टेशनला फोन. "चार्जर चालू आहे ना? बरं, आणि बाथरूम? कमोड आहे? पायऱ्या किती?" एकाने तर वैतागून विचारलं, "काका, गाडी आणताय की पाहुणे?" थांबे भरले नऊ.

ताईला त्याने पुन्हा फोन केला. "चूक झाली गं. गाडीत काही दम नाही. दर अर्ध्या तासाला चार्जिंगला लावावी लागते. तुला कंटाळा येईल, पण चल."

"अगं बाई! एवढी नवी गाडी आणि अशी?" ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "येते मी."

वाटेत ताईने गाडीला यथेच्छ नावं ठेवली. "फसवलं रे तुला दुकानदाराने!" त्याने सगळं निमूट गिळलं. मागे बसलेली बायको तोंडावर पदर धरून हसत होती. थांबा आला की ताई काठी टेकत आत जायची, हा उगाच वायर लावून उभा राहायचा.

सहाव्या थांब्यानंतर वीसेक मिनिटांनी ताईने चष्मा लावला आणि समोरच्या पडद्याकडे पाहिलं.

"बॅटरी अजून चौऱ्याण्णव टक्के कशी रे?"

त्याला घाम फुटला. "ते... हवेतला दमटपणा, ताई."

ताईने मागे वळून भावजयीकडे पाहिलं. भावजय खिडकीबाहेर पाहू लागली. आता ही गाडी मागे फिरवायला सांगते की काय, या धास्तीने तो रस्त्यावरून नजर काढेना.

अर्धा तास भरला तशी ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"धाकट्या, थांबव. तुझ्या गाडीला थांबायचंय." तिचे डोळे भरून आले होते. "आणि तिला म्हणावं, आपल्या माणसांत लाजायचं नसतं."

"सांगतो, ताई," तो म्हणाला आणि त्याने गाडी सातव्या थांब्यात वळवली.