ऑर्गनच्या मागची जागा

कॅम्पातल्या जुन्या चर्चमध्ये मी झाडलोटीला लागले तेव्हा तो ऑर्गन मला भिंतीला लावलेलं कपाटच वाटायचा. समोर धातूच्या उभ्या नळ्या, आत माणसापेक्षा उंच लाकडी नळ्या, खाली चामड्याचा भाता आणि त्यावर दाब राहावा म्हणून ठेवलेल्या विटा. भात्यात वारा भरणारा म्हातारा गेला. मग ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी, त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, त्याचं काम करशील का असं मला विचारलं. भात्याचा दांडा ऑर्गनच्या मागे होता. तिथे मी कुणाला दिसणार नव्हते, म्हणून हो म्हटलं.

"लोकं देवाला फुलं घालत्यात, आमची वारा घालतीया," असं म्हणत घरी मालक हसायचे.

पहिले काही रविवार सूर थरथरायचे. माहेरी वडगावात आमचा हातमाग. पायाने पावडी दाबायची आणि लगेच सोडायची, ही सवय. दांडाही मी तसाच झटक्याने मारायचे. बाईंनी दोरीला टांगलेलं शिशाचं वजन दाखवलं. भाता भरला की ते खाली येतं, रिकामा होत आला की वर जातं. त्याच्याकडे बघत सावकाश दांडा हलवायचा. मग जमलं. ती जागा मला फार आवडायची.

यंदा मोटर बसवली. उद्यमबागेतल्या कारखान्यातून माणसं आली, पंखा जोडून गेली. भाता आपोआप भरायला लागला. चर्चच्या कारभारी मंडळातल्या एकांनी मला सांगितलं, आता वाऱ्याचं काम संपलं. मी मान हलवली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नंतर सूर लावायला कारागीर आला. तो आत नळ्यांजवळ राहणार, बाहेर कुणीतरी एकेक पट्टी दाबून धरायची. बाईंची बोटं दुखतात. त्यांनी मला ऑर्गनपुढच्या, त्यांच्या बाकावर बसवलं. मागे मंडळातले लोक बघत होते. मी पट्टी दाबली, सूर निघाला आणि मी ती लगेच सोडून दिली.

"आक्का, धरून ठेवा," आतून आवाज आला.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. बाई म्हणाल्या, "अजून मागावरच बसलीस व्हय गं?"

मग मी बोट दाबून धरलं. आत टकटक व्हायची, डुगडुगणारा सूर हळूहळू सरळ झाला, की पुढची पट्टी. एक पट्टी वाजलीच नाही. कारागिराला वाटलं, मी दाबलेली नाही. मी हळू सांगितलं, मोटरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही.

"दाबल्या, पण वाजत न्हाय," मी मोठ्याने म्हटलं. माझा आवाज वर छतापर्यंत गेला. त्याने नळी काढली. आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं.

चहाच्या वेळी तो बाईंना म्हणाला, हवा बदलली की सूर उतरतात, मला परत यावं लागेल, तेव्हा पट्टी धरायला याच असू द्या.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "पुढं बसावं लागंल. येशील न्हवं?"

"येतो की," मी म्हटलं.