खंडूच्या अळणी वड्या

मार्थाबाय पाटी न घेता दारात उभी दिसली, तेव्हाच काहीतरी वाईट घडलंय हे मी ओळखलं. पाचूबंदरहून रोज सकाळी मासळी घेऊन येणारी ही बाई रिकाम्या डोक्याने कधी आलेली मला आठवत नव्हती. "तुझी आत्या गेली गो," ती म्हणाली. "मी हाक मारली, तं खंडू एकलाच भायेर आला..." महिना होत आला, पण ती सकाळ डोळ्यांसमोरून हलत नाही.

आत्या शेजारच्या वाडीत एकटी राहायची, ती आणि तिचा कुत्रा खंडू. स्वभावाने पक्की संशयी. दुधात पाणी आहे हे ती दूध बघण्याआधीच ठरवायची. मार्थाबाईचा मासा कल्ले उघडून, हुंगून, वर "याचे डोळे असे का गं?" असं विचारल्याशिवाय तिने कधी घेतला नाही. तरुणपणी नवरा गेला, सासरच्यांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून हिचा माणसांवरचा विश्वास उडाला, असं माझी आई सांगायची. जो काही उरला होता तो खंडूवर.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून थोडेच दिवस झाले होते, रेशन चालूच होतं. खंडूचं पोट फुगलं, पाय सुजले. गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं, मीठ पूर्ण बंद, नाहीतर हा पावसाळा काही बघत नाही. आत्या घाबरली. तांदळाच्या कण्या, लाल भोपळा आणि पिकलं राजेळी केळं एकत्र शिजवून ती त्याच्यासाठी वड्या थापू लागली, मिठाचा कणही न घालता. अंगणात उन्हात वाळवायची. "माणसांना कण्या मिळेनात आणि हिच्या कुत्र्याला खाऊ!" म्हणून लोक हसले. आत्याने हसणाऱ्यांचे चेहरे तेवढे लक्षात ठेवले.

पण सूज उतरेना. कोणीतरी चोरून त्याला खारी मासळी घालतंय, याबद्दल आत्याची खात्रीच झाली. मी गेले की आधी "हात दाखव" म्हणायची आणि चक्क हुंगायची! मार्थाबाय तर पहिल्या मानाची आरोपी. एका सकाळी ओट्यावर आत्याने तिला तोंडावरच सुनावलं, "मार्थे, तूच टाकतेस त्याला खारं. मारायला निघालीस माझ्या खंडूला."

मार्थाबाईचा चेहरा उतरला. तिने पाटी खाली ठेवली, सुपातली एक वडी उचलली आणि सरळ दातांनी तोडली. "खारट हाय, बाय."

"तुझं तोंडच खारट!" म्हणत आत्याने उरलेला तुकडा हिसकावून जिभेवर ठेवला... मग हळूच तिची नजर अंगणातल्या चटईकडे गेली. आमच्याकडे पावसाळ्याच्या बेगमीची मासळी खारवून चटईवर वाळवतात. ती झाली की चटई खंगाळून पुढच्या वर्षासाठी ठेवायची. त्याच चटईवर आत्या ओल्या वड्या घालत होती. वर्षानुवर्षांचं मीठ पातीपातीत मुरलेलं. साऱ्यांचे हात हुंगून झाले, घरची चटई तेवढी राहिली होती.

आत्याने माफी मागितली नाही. पुढच्या वड्या केळीच्या पानावर वाळवल्या आणि मार्थाबाईला ओट्यावर बोलावलं. "चाख," एवढंच म्हणाली. मार्थाबाईने तुकडा मोडला. "अलनी हाय." मग खंडूला मिळाली. त्यानंतर प्रत्येक घाण्याची पहिली वडी मार्थाबाईच्या तोंडात. आत्याकडून एवढा विश्वास मला, सख्ख्या भाचीलाही, कधी मिळाला नाही. खंडूची सूज उतरली, पावसाळा गेला, नंतरचेही कितीतरी गेले.

आता तो म्हातारा माझ्याकडे आहे. दिवसकार्य आटोपल्यावर मी वड्या केल्या, केळीच्या पानावर वाळवल्या. एक त्याच्यापुढे ठेवली. त्याने हुंगली, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. शेवटी आत्याचाच कुत्रा! फाटकाकडे बघत बसून राहिला. मार्थाबाय आली, पाटी उतरवली, काही न विचारता वडीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"अलनी हाय रे. खा."

बोलताना तिला रडू फुटलं. मलाही आवरेना. खंडू तिच्या हातातली वडी खात होता, आणि आसवं वडीवर पडू नयेत म्हणून मार्थाबाईने तो हात अंगापासून लांब धरला होता.